उतरणारा चांगुलपणा

अकिरा कुरोसावाच्या १९५२ सालच्या ‘इकिरू’तले जपानी कारकून मला सख्खे शेजारी वाटतात. तीस वर्षं शिक्के मारणाऱ्या वातानाबेसाहेबांना पोटाचा कर्करोग झाल्याचं कळून चुकतं. मग गृहस्थ घाणेरडं डबकं बुजवून मुलांसाठी बाग उभी करतो आणि मरतो. खरी गंमत पुढेच! दुखवट्याच्या बैठकीत सहकारी दारू पिऊन ढसाढसा रडतात, ‘आपणही असंच वागायचं!’ म्हणून शपथा घेतात. नंतर कचेरीत कागद पुन्हा या टेबलावरून त्या टेबलावर!

मग ते रडणं खोटं होतं का? छे! अगदी खरं होतं. पण दारू काय नि चांगुलपणा काय, सकाळी दोन्ही उतरतात. आम्ही प्रेक्षक तर न पिताच रडतो. आमचा चांगुलपणा उतरायला सकाळही लागत नाही. बाहेरचा रिक्षावाला पुरतो.