एल-रोई : मला पाहणारा देव



लोणार सरोवराचे पाणी इतके खारट की तोंडात धरवत नाही. पण त्याच विवराच्या काठावरची धार गोड पाण्याची आहे. उत्पत्तीच्या 16 व्या अध्यायात हागार अशाच एका झऱ्याजवळ आपल्याला भेटते. ती मिसरी दासी, गरोदर, मालकिणीचा जाच सोसवेना म्हणून रानात पळालेली. अब्राम आणि साराय तिला नुसते 'दासी' म्हणतात. तिला नावाने हाक मारतो तो देवाचा दूत. मग हागारही देवाला नाव देते : एल-रोई. हिब्रू भाषेत 'एल' म्हणजे देव आणि 'रोई' म्हणजे मला पाहणारा. पवित्र शास्त्रात देवाला नाव देणारी पहिली व्यक्ती ही दासीच!

तिचे कष्ट त्या दिवशी संपले नाहीत. तिला परत जावे लागले. पण देव आपल्याला पाहतो, एवढे धन घेऊन ती गेली.

आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? मिस्सेला शेवटच्या बाकावर एकटेच बसणारे आजोबा आपल्याला दिसतात का? पाहणाऱ्या देवाची आपण लेकरे. या आठवड्यात निदान एकाला तरी नावाने हाक मारू या.