थकव्याचा खाडा

थंडीला गुलाबी म्हणणारे कधी पहाटे उसाच्या फडात उभे राहिलेत काय? दिवाळीच्या सुमारास वडवणीकडनं टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्याला थंडी वाजत नाही, असं मुकादमाच्या वहीनं ठरवलंय. दवात भिजायचं, मोळ्या वाहायच्या. उन्हाळ्यात गाव येतं, पण शीण अंगातच. तो निघायच्या आत पावसाळ्यात नवी उचल.

बाई एक दिवस पडून राहिली की खाडा, वर दंड. २०१९ च्या सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली.

मी विचारतो, ऋतू सगळ्यांवर सारखाच येतो, मग थकवा आमच्याच हाडांत का साचतो? याला नशीब म्हणू नका. थकणं गुन्हा नाही. थकलेल्याला दंड करणं गुन्हा आहे. विश्रांती दया म्हणून नको, मजुरीतच धरा.