ससा आणि परीक्षक

पॅलेस ग्राउंड्सवरच्या श्वानप्रदर्शनाला मी गेलो तो शेजाऱ्यांच्या कारवानी कुत्रीमुळे. जातीतला सर्वोत्तम निवडायची फेरी चालली होती. परीक्षकाने प्रत्येकाचे दात पाहिले, खांद्यापासून कमरेपर्यंत हात फिरवला, मग एकेकाला पळवून चाल पाहिली. निकालाआधीच शेजारी पुटपुटले, "बघा, चेहऱ्याला जाणार." आणि गेलाही, एका उमद्या नराला.

चेहरा कुत्र्याचा नव्हे, दोरी धरणाऱ्याचा. रिंगणात परीक्षकाच्या हाती यादी नसते. कुत्र्याचं नाव, मालक, आईबाप त्याला कळू नयेत म्हणून हँडलरच्या दंडावर नुसता क्रमांक असतो. पण दंडावर क्रमांक बांधल्याने ओळखीचा माणूस अनोळखी होत नाही, आणि धंदेवाईक हँडलर तर गावोगावच्या रिंगणांत तेच ते असतात.

मला हे हसण्यावारी नेता येईना. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका निबंधस्पर्धेचा मी परीक्षक होतो. कागदांवर क्रमांकच होते, तरी एक अक्षर मी ओळखलं. त्या मुलीला पहिलं बक्षीस दिलं. निबंध चांगला होता, हे आजही म्हणेन. दुसरा आलेला निबंध मी तितक्याच सावकाशीने वाचला होता का, हे मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. लाच घेणाऱ्याला आपण काय करतोय ते निदान ठाऊक असतं.

पण इथे अन्याय झाला कुणावर? हरलेली कुत्री खुर्चीखाली गाढ झोपली होती. मालकाची प्रवेश फी गेली, थोडा मान गेला, एवढंच. खरी गोष्ट पुढे असते. जिंकलेल्या नराला माद्यांसाठी मागणी येते, आणि एका दुपारचा निवाडा पिल्लांच्या हाडांत उतरतो. शो जिंकणाऱ्या कुत्र्यांत पिढ्यान्‌पिढ्या साठलेले आजार 2008 मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटाने दाखवले. पुढच्या वर्षापासून त्या वाहिनीने 'क्रफ्ट्स' हे जगप्रसिद्ध प्रदर्शन दाखवणंच थांबवलं. भोगणारे तेव्हा रिंगणात नव्हते, जन्मलेच नव्हते.

कारवानाची गोष्ट तर आणखी वेगळी. दख्खनच्या माळांवरचा हा शिकारी. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला जोपासलं, 2005 मध्ये त्याचं टपाल तिकीटही निघालं. माळावर त्याची पारख ससा करायचा. जो गाठेल तो चांगला, त्याचीच पिल्लं लोक मागून नेत. कुत्रा धनगराचा की पाटलाचा, हे ससा बघत नसे. तो काही न्यायी नव्हता म्हणा. त्याला जीव वाचवायचा होता. शिकारीवर बंदी आली, ती योग्यच. आता पारख उरली ती माणसाच्या नजरेवर, आणि नजरेला ओळखी असतात.

परतताना मी हे शेजाऱ्यांना सांगत होतो. त्यांनी मान डोलावली. गाडी सुरू करण्याआधी खिशातून फोन काढला. पहिल्या आलेल्या नराच्या मालकाचा नंबर त्यांनी मघाशीच घेऊन ठेवला होता.