बंदूक, भीती आणि अमानत

मामूंच्या जियारतीच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मामींनी मला आतल्या खोलीत बोलावले. लोखंडी कपाटाकडे बोट करून त्या म्हणाल्या, "तुमारे मामू गए, अब उनकी बंदूक कू मैं क्या करूँ?"

सोनारी हे माझे आजोळ. परंडा तालुक्यातले हे गाव भैरवनाथाच्या मंदिरामुळे आणि तिथल्या माकडांमुळे लांबलांबच्या लोकांना ठाऊक आहे. मामूंची थोडी जमीन होती आणि तिच्या राखणीसाठी बारा बोअरची जुनी दुनळी बंदूक होती, रीतसर परवान्याची. रानडुकरे तुरीत शिरली की मामू रात्री बांधावर जाऊन आभाळाकडे बार काढत. माकडांवर त्यांनी ती कधी रोखली नाही. ती भैरवनाथाची, तेव्हा गावात त्यांना कुणी हात लावत नसे आणि मामूही लावत नसत. डुक्कर असो वा हरीण, परवानगीशिवाय मारले तर १९७२ चा वन्यजीव कायदा आड येतो. म्हणजे पिकाच्या राखणीची ती बंदूक खरे तर आवाजाचीच होती.

घरात शिकलेला म्हणून अर्ज-फाटे लिहायचे काम माझ्याकडे येते. उर्दू शाळेतल्या मास्तरला मराठीत अर्ज लिहिता येतो, याचे आमच्याकडे अजून कौतुक आहे. वारसाने परवान्यासाठी अर्ज करायचा की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून विषय संपवायचा, एवढाच प्रश्न होता. पण मामेभाऊ पुण्याहून आला होता आणि त्याचे म्हणणे निराळेच निघाले. त्याला बंदूक हवी होती, पण ही जुनी नको. त्याला अर्ध-स्वयंचलित हवी होती. मोबाईलवर चित्र दाखवत तो म्हणाला, "चाप ओढला की बार, पुन्हा ओढला की पुन्हा बार. मध्ये काडतूस भरत बसायला नको."

मी त्याला कायदा सांगितला. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढला तरी तुरुंगाची वेळ येऊ शकते. शेतकऱ्याला पिकासाठी ठासणीची बंदूक, ती पुरत नसेल तर वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत बंदूक मिळण्याची सोय याच कायद्यात आहे. पण त्याला हवी ती अर्ध-स्वयंचलित बंदूक २०१६ च्या नियमांत निर्बंधित वर्गात बसते. ते जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातले काम नाही, त्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागते.

त्याने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. "कायदा मला जीव वाचवायचा हक्क देतो ना? मग हक्क देऊन हत्यार का देत नाही?"

या प्रश्नाने मला बरेच दिवस झोपू दिले नाही. प्रश्न वेडगळ नाही. स्वसंरक्षणाचा हक्क जुन्या दंड संहितेतही होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. त्यात माझा भाऊ काही गुंड नाही. तो भ्यालेला आहे, आणि त्याच्या भीतीला कारणे आहेत. सोलापूरचा मोहसीन शेख हा संगणक क्षेत्रात नोकरी करणारा तरुण. २ जून २०१४ च्या रात्री पुण्यात हडपसरला जमावाने त्याला मारून टाकले. खटल्यातले आरोपी जानेवारी २०२३ मध्ये निर्दोष सुटले. भाऊ त्याच शहरात राहतो. त्याच्या मनात काय येत असेल, हे मला कळते.

आमच्या जिल्ह्याची आठवण तर याहून जुनी आहे. नानी सांगायची की पोलीस ॲक्शननंतर गावोगाव मुसलमानांची हत्यारे गोळा केली गेली. तिच्या माहेरी तर कुऱ्हाडीसुद्धा नेल्या. तिचे दोन चुलते त्यानंतर घरी परतले नाहीत. ती आणि तिची आई वाचल्या त्या एका पाटलाच्या कडब्याच्या गंजीत. ही केवळ म्हाताऱ्या बाईची कहाणी नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या कारवाईनंतर सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने हैदराबाद राज्यात फिरून पाहिले. कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, असा अंदाज तिने नोंदवला. सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होते. मुसलमानांची हत्यारे काढून घेतली आणि हिंदूंची बऱ्याच ठिकाणी त्यांच्याकडेच राहिली, हेही त्या समितीने लिहिले. अनेक ठिकाणी लष्कराने मुसलमानांना वाचवले, हेसुद्धा लिहिले. तो अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग भावाचे काय चुकले? पण ही गोष्ट सप्टेंबरपासून सुरू करणे म्हणजे अर्धे पान फाडून वाचणे आहे. सप्टेंबरच्या आधी बंदूक कुणाच्या हाती होती? ती रझाकारांच्या हाती होती. त्यांचा नेता कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होते. त्या बंदुकीने हिंदू गावे लुटली, माणसे मारली. आणि जो मुसलमान त्या बंदुकीला नाही म्हणाला, त्यालाही तिने सोडले नाही. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाह खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रात्री घरी परतताना मारले, ते रझाकारांविरुद्ध लिहीत होते म्हणून. कौमच्या रक्षणाच्या नावाने उचललेल्या बंदुकीचा बळी एक उर्दू पत्रकार ठरला. पुढे महिनाभरात सैन्य आले. बंदूकवाल्यांचे पुढारी वाटाघाटी करून, शिक्षा भोगून निघून गेले. रझवी १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानात गेला. बदल्याची किंमत मोजली ती नानीच्या चुलत्यांनी, ज्यांच्याकडे कुऱ्हाडीपलीकडे काही नव्हते.

म्हणून १९४८ मधून मला दोन धडे दिसतात आणि ते एकमेकांशी भांडतात. हत्यार नव्हते म्हणून माणसे मेली, हे खरे. हत्यार होते म्हणूनच मरणाची वेळ आली, हेही खरे. यातला एकच धडा जो शिकवतो, तो शिक्षक नव्हे, तो प्रचारक.

मग मी दीनकडे वळलो. तिथेही एका ओळीत उत्तर मिळत नाही. आपल्या मालाचे रक्षण करताना जो मारला जाईल तो शहीद, अशी हदीस आहे. जीवाचे रक्षण हा शरीयतच्या पाच मूळ हेतूंपैकी एक आहे, असे इमाम गझाली यांनी मांडले. म्हणजे मार खाऊन गप्प बसणे ही काही आपल्यावर सक्ती नाही. पण त्याच हदीससंग्रहांत आणखी एक लहानशी शिकवण आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्याची टोके हाताने धरून जावे, कुणाला ओरखडा निघू नये म्हणून. थट्टेतसुद्धा भावावर हत्यार रोखू नये, असेही सांगितले आहे. हत्याराला मनाई नाही, पण त्याच्या टोकाची जबाबदारी ज्याच्या हाती हत्यार त्याची. माझ्या मते शस्त्र कायद्याचा सगळा आत्मा या एका गोष्टीत येतो. बाणाचे टोक मुठीत धरता येते. अर्ध-स्वयंचलित बंदुकीचे टोक कोणत्या मुठीत धरणार?

इथे मला मामूंच्या दुनळीतला आणि भावाच्या मोबाईलमधल्या बंदुकीतला फरक कळला. दुनळीतून दोन बार निघतात. मग ती मधून मोडायची, रिकामी काडतुसे काढायची, नवी घालायची, पुन्हा बंद करायची. यात काही क्षण जातात. त्या क्षणांत समोरचा पळू शकतो, कुणी हात धरू शकते, आपलाच राग ओसरू शकतो. अर्ध-स्वयंचलित बंदूक ही उसंत काढून टाकते. एका बाराच्या जोरावरच पुढचे काडतूस नळीत येऊन बसते. माणसाला थांबायला लावणारी जागाच राहत नाही. माणसातली माणुसकी बरेचदा त्या उसंतीतच जागी होते.

ही काल्पनिक भीती नाही. १५ मार्च २०१९ हा जुम्याचा दिवस होता. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात एका माणसाने दोन मशिदींत मिळून ५१ नमाजींना मारले. त्याच्याजवळ अर्ध-स्वयंचलित हत्यारे होती आणि बंदुका बाळगण्याचा परवाना त्याने कायद्याने मिळवलेला होता. दुसऱ्या मशिदीपाशी अब्दुल अझीझ नावाचा मूळचा अफगाण माणूस निव्वळ हातात आले ते घेऊन, कार्डाने पैसे घ्यायचे यंत्र घेऊन, त्याच्या मागे धावला. मारेकऱ्याने टाकून दिलेली रिकामी बंदूक उचलून त्याने त्याच्या गाडीवर भिरकावली. कित्येक जीव त्यामुळे वाचले. त्या देशाने महिन्याभरात कायदा बदलला. १० एप्रिलला संसदेत ११९ विरुद्ध १ मतांनी बहुतेक अर्ध-स्वयंचलित हत्यारांवर बंदी आली.

भाऊ म्हणाला, "त्या मशिदीत एकाजवळ बंदूक असती तर?" कदाचित काही जण वाचले असते, ते मी नाकारत नाही. पण ती बंदूक एकट्या नमाजीला मिळाली नसती. ज्या सैल कायद्याने ती नमाजीला मिळाली असती, त्याच कायद्याने ती मारेकऱ्याला मिळाली होती. आमच्याकडे कायदा सैल झाला तर काय होईल? भावाला एक बंदूक मिळेल आणि ज्यांची त्याला भीती वाटते त्या जमावाला शंभर. हडपसरच्या त्या रात्री जमावाच्या हातात बंदुका असत्या तर एकच मोहसीन मेला असता का? थोड्यांना वाटते की बंदुकीने आपण बहुतांच्या बरोबरीला येऊ. हिशेब उलटा आहे. बंदुका मोकळ्या झाल्या की जास्त संख्येचा, जास्त पैशाचा आणि जास्त ओळखीचा माणूसच जास्त बंदुका घेतो.

आमच्या परंड्याच्या किल्ल्यात मी मुलांना सहलीला नेतो तेव्हा मुलूखमैदान तोफेची गोष्ट सांगतो. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ती प्रचंड तोफ परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले, तेव्हा ती बुरुजावरच होती. तिने निजामशाही वाचवली नाही आणि आदिलशाहीही नाही. मुले विचारतात, "सर, मग तिचा उपयोग काय झाला?" मी म्हणतो, आता लोक तिच्याजवळ फोटो काढतात.

तरी भावाचा मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. हक्क देऊन हत्यार का नाही? माझे उत्तर असे आहे. नागरिक आपल्या हातातली बंदूक सरकारकडे देतो तेव्हा ती दान म्हणून देत नाही, अमानत म्हणून देतो. त्याबदल्यात सरकार म्हणते, तुझ्या जिवाची जोखीम माझी. करमाळा तालुक्यातला नरभक्षक बिबट्या डिसेंबर २०२० मध्ये माणसे मारत होता, तेव्हा शेजारच्या आमच्या तालुक्यातही लोक ज्वारीला पाणी द्यायला रात्री जात नव्हते. शेवटी आदेश निघाला, नेमबाज बोलावले आणि १८ डिसेंबरला बिबट्या मारला गेला. तेव्हा प्रत्येक वस्तीवर बंदूक वाटली नाही. सगळ्यांच्या वतीने एक गोळी, आणि तिचा हिशेब कागदावर. अमानत पाळणे म्हणतात ते हे.

पण अमानत घेणाऱ्याने खयानत केली तर? १९४८ मध्ये आमच्या जिल्ह्यात ती झाली. तिथे कायदा मोडला तो नानीच्या घरच्यांनी नव्हे, अमानत घेणाऱ्यांनी. म्हणूनच कठोर शस्त्र कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यावर दुप्पट जबाबदारी येते. हत्यारे सगळ्यांची गोळा व्हावीत, एकाची नव्हे. परवाना ओळखीवर मिळू नये. आणि जमावाने माणूस मारला तर खटला असा उभा राहावा की खून करणारा सापडल्याशिवाय राहू नये. हे न मागता जो नुसता "बंदूक नको" म्हणतो, तो दुबळ्याला उपदेश करतो आहे. मी भावाला म्हटले, तू बंदुकीसाठी दिल्लीपर्यंत जायला तयार आहेस, तेवढीच धाव आपण न्यायासाठी घेऊ. तो हसला. त्या हसण्यात चिडही होती. "तुझ्या अर्जाने कोण वाचलं आजवर?" त्याने विचारले.

यावर माझ्याकडे पक्के उत्तर नाही. एवढेच सांगितले की नानी वाचली ती अर्जाने नाही आणि बंदुकीनेही नाही. एका पाटलाने आपली गंज उघडली म्हणून ती वाचली. बंदुकीच्या जोरावर शेजार टिकवता येत नाही. माझ्या दाराशी अर्ध-स्वयंचलित बंदूक टेकवलेली असती, तर त्या पाटलाच्या नातवाला माझ्या घरी चहाला यावेसे वाटले असते का?

मामींना मी एकच विचारले, त्यांना काय वाटते. त्या म्हणाल्या, "मेरेकू नक्को वो बला. तुमारे मामू थे तो बी मैं उस कमरे में नई सोती थी." तीस वर्षे आम्ही सगळे रक्षणाची चर्चा करत होतो आणि ज्या बाईचे रक्षण व्हायचे होते, ती बंदुकीमुळेच दुसऱ्या खोलीत झोपत होती, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. परवाना, बंदूक आणि उरलेली काडतुसे घेऊन आम्ही दोघे भाऊ पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने नळीवरचा नंबर वाचून वहीत उतरवला आणि पावती दिली. भाऊ परतताना फारसे बोलला नाही. त्याची भीती मी काढू शकलो नाही, हे मला ठाऊक आहे. ती काढणे माझ्या एकट्याच्या हातात नाही.

ती पावती मी जपून ठेवली आहे. तिच्यावर लिहिले आहे की बंदूक जमा झाली. सरकारने बदल्यात काय द्यायचे, ते पावतीवर लिहिलेले नसते. ते आपल्याला लक्षात ठेवावे लागते आणि मागत राहावे लागते.