नमक कोणाचे?

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. सातपुड्यातले भिल्ल मात्र ताब्यात आले नाहीत. हेच भिल्ल एके काळी गावोगावी जागल्याचे काम करीत. १८०३-०४ चा दुष्काळ आणि पेशवाईच्या अखेरच्या सरसुभेदाराने घडवलेल्या कत्तली यांनी त्यांना डोंगरात लोटले आणि राखणदाराचे हात लुटीला लागले. फौजा धाडून काही साधेना, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या गोऱ्या अधिकाऱ्याने धरणगावी भिल्लांचीच पलटण उभारायला घेतली. तो त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, त्यांच्यात उठला-बसला. मूठभर माणसांपासून सुरुवात होऊन काही वर्षांत ती शेकड्यांवर गेली.

त्याच सुमारास अमेरिकेच्या सरहद्दीवर स्वयंसेवकांच्या तुकड्या निघत. १८३२ मध्ये ब्लॅक हॉक या मूळनिवासी पुढाऱ्याविरुद्ध इलिनॉयमध्ये निघालेल्या एका कंपनीने आपला कप्तान आपणच निवडला. तो अब्राहम लिंकन! (आपली लढाई डासांशीच झाली, असे तो पुढे थट्टेने सांगे.) धरणगावच्या शिपायाला कप्तान निवडता येत नव्हता आणि शत्रूही.

त्याची खरी कसोटी पुढे लागली. सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक हाही सरकारी चाकरीतलाच. १८५७ मध्ये तो उलटला, आग्रा रस्त्यावर सरकारचा सात लाखांचा खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला त्याच्या लोकांवर फौज चालून गेली, तीत भिल्ल पलटणही होती. बंडवाल्यांत भिल्लांबरोबर मकराणी आणि अरबही होते. पकडलेल्या अनेकांना जागच्या जागी गोळ्या घातल्या गेल्या.

हा धडा सांगताना आमच्या वर्गातली मुले हमखास विचारतात, “सर, पलटणवाले गद्दार होते का?” मुलांना उत्तर एका शब्दात हवे असते. ते आम्ही देत नाही.

रक्ताचे नाते म्हणजेच ईमान, असे आम्ही मानत नाही. भाऊ गरिबाचे खळे लुटत असेल तर त्याचा हात धरणे हे भावाचेच काम. १८२७ मध्ये एखाद्या शिपायाने लूट थांबवली असेल, तर तो पुन्हा जागल्या झाला, एवढेच. दुष्काळ पाहिलेल्या घरात दरमहा पगार येणे ही लहान गोष्ट नव्हे. पोटभर जेवलेल्यांनी तिला हसू नये. पण आंबापाणीला समोर खळे लुटणारा नव्हता. गणवेश तोच, बंदूक तीच, काम मात्र बदलले होते. चाकरीचा करार एका कामासाठी केला म्हणजे पुढच्या प्रत्येक कामाला होकार दिला, असे होत नाही.

“नमक खाल्ले होते ना!” असे कोणी म्हणेल. पण नमक कोणाचे? पगार लंडनहून येत नव्हता. खानदेशच्या रयतेने भरलेल्या शेतसाऱ्यातूनच तो निघे. नमकहरामीचा जाब आम्ही नेहमी रांगेतल्या शेवटच्या शिपायाला विचारतो; भावासमोर भाऊ उभा करण्याची तोड काढणाऱ्याला कोणी विचारत नाही. आउट्रमला तर पुढे ‘सर’ ही पदवी मिळाली.

म्हणून काय शिपाई सुटला? नाही. चाप ओढणारे बोट त्याचेच होते. खाज्या नाईकानेही तेच नमक खाल्ले होते आणि त्याने वेगळे उत्तर दिले. १८६० मध्ये त्याचा घात झाला. त्याचे नाव खानदेशात आज मानाने घेतले जाते. त्या दिवशी पलटणीतल्या कोणा शिपायाने मुद्दाम नेम चुकवला असेल, तर त्याची नोंद कोणत्या दप्तरात झाली असेल?