मनाईचा अधिकार

परिचर्याशास्त्राच्या प्रबंधांत एक विधी नित्य पाळला जातो: अतिदक्षता विभागातील परिचारिकांपुढे मध्यवर्ती शिरेतील नळीच्या, रुग्णालयीन बोलीत ‘सेंट्रल लाइन’च्या, निगेविषयी प्रश्नावली ठेवावी, उत्तरांस गुण द्यावेत, व्याख्यान व प्रात्यक्षिक झाल्यावर तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यावी, आणि वाढलेल्या गुणांकडे बोट दाखवून ‘ज्ञान अपुरे होते, प्रशिक्षणाने सुधारले’ असा निष्कर्ष दप्तरी दाखल करावा. या निष्कर्षाने सर्वांचेच समाधान होते, आणि मला संशय येतो तो त्यामुळेच.

पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी व गॉजचे दोन दिवसांनी बदलावे, ओले वा सैल झाल्यास तत्काळ. क्लोरहेक्सिडीन त्वचेवर पुरते वाळू द्यावे. औषध सोडण्यापूर्वी नळीचे तोंड जंतुनाशकाने घासावे. यांपैकी काही परिचारिकांना ठाऊक नसते, हे मान्य. ते शिकवले पाहिजे, हेही मान्य. परंतु जे एका दुपारीत शिकवता येते, त्याचा अभाव हेच मूळ दुखणे असते, तर ते वर्षानुवर्षे प्रबंधांना विषय पुरवीत राहिले नसते. प्रश्नावली ज्या ज्ञानाचे मापन करते ते परिचारिकेच्या स्वतःच्या हातांपुरते असते. दुसऱ्याचा हात चुकत असताना तिने काय करावे, याला तेथे रकाना नसतो. नळी घालतो डॉक्टर, अर्ध्या तासात. ती पुढे कित्येक दिवस सांभाळते परिचारिका. घालताना निर्जंतुक चादर अपुरी पडली असेल, तर ताप येतो तो पुढे तिच्या पाळीत, आणि शेराही तिच्याच नावे पडतो. ज्याचा जाब तिला द्यावा लागतो त्याचा निर्णय तिच्या हाती नसतो. ही व्यवस्था तशीच ठेवून तिच्या ज्ञानाची परीक्षा घेत राहणे मला अन्यायाचे वाटते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांत झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या उपक्रमाचा दाखला आपल्याकडे वारंवार दिला जातो. हात धुणे, पूर्ण आच्छादन, क्लोरहेक्सिडीन, शक्यतो मांडीची शीर टाळणे, अनावश्यक नळी काढणे, ही त्यातील पाच कलमे भिंतीवर लावली जातात. तातडीचा प्रसंग नसेल आणि ही कलमे पाळली जात नसतील तर परिचारिकेने डॉक्टरांस थांबवावे, ही तेथील तरतूद मात्र तक्त्यावर येता येता गळून पडते. तेथे शिक्षणही होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु शिकवलेले पाळले जाण्यामागे या मुभेचा वाटा होता, असे मी मानतो.

महागड्या, औषधी लेप दिलेल्या नळ्यांनी प्रश्न सुटेल म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याची गरज नाही. मनुष्यबळाच्या टंचाईची तक्रार खरी आहे, परंतु ती एकटी पुरत नाही.

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना कुंभारी लागते. एकीकडे विडी कामगार स्त्रियांची गोदूताई परुळेकर वसाहत, दुसरीकडे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. कोणत्या एका रुग्णालयाविषयी मी हे लिहीत नाही. परंतु अशा वस्तीतील रुग्णाच्या रक्तात जंतुसंसर्ग शिरला, तर वाढलेला प्रत्येक दिवस विड्यांच्या मजुरीतून फेडावा लागतो, आणि अशाच एखाद्या घरातून शिकून आलेल्या मुलीने मध्यरात्री ‘सर, थांबा’ म्हणावे, ही अपेक्षा केवळ व्याख्यानाच्या जोरावर करता येत नाही.

1929 साली एबर्सवाल्ड येथे व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने वरिष्ठांची मनाई डावलून स्वतःच्या दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेली. तेव्हा उपकरणांच्या कपाटाची किल्ली गेर्डा डिट्झेन या परिचारिकेपाशी असल्याने त्याला तिची मनधरणी करावी लागली. मग प्रयोग तिच्यावर करतो असे भासवून त्याने तिला मेजाला बांधले आणि तो स्वतःवर केला. 1956 चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. विनवणी झाली ती किल्लीमुळे, परिचारिकेच्या ज्ञानामुळे नव्हे. आणि किल्ली निरुपयोगी होताच बांधले गेले तिलाच.

म्हणून करण्याचे ज्ञान आणि थांबवण्याचा अधिकार हा भेद मी सोडू इच्छीत नाही. पुढील प्रश्नावलीत एवढेच विचारावे: गेल्या महिन्यात आपण कोणास थांबवले, आणि त्यानंतर आपल्याला कोणी काय म्हटले? आणि ही उत्तरे प्रबंधाच्या मार्गदर्शकाकडे न जाता थेट अधिष्ठात्यांच्या मेजावर जावीत.