उजवा हात थांबल्यावर

ज्या कौशल्याच्या बळावर माणूस समाजात उभा राहतो, तेच हिरावले गेले तर त्याच्यापाशी काय उरते? हा प्रश्न केवळ कलावंतांचा नव्हे. सुताराची नजर अधू होते, शिक्षिकेचा आवाज बसतो, कर्त्या पुरुषाला अर्धांगवायू होतो. आणि एके दिवशी हा प्रश्न आपल्याही उंबरठ्यावर येऊन ठाकतो. त्याचा विचार करताना लिऑन फ्लायशर या अमेरिकन पियानोवादकाचे जीवन आम्हांस फार बोलके वाटते.

फ्लायशर यांचा जन्म १९२८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे, पूर्व युरोपातून आलेल्या एका ज्यू कुटुंबात झाला. मुलाने एक तर अमेरिकेचा पहिला ज्यू राष्ट्राध्यक्ष व्हावे, नाहीतर थोर पियानोवादक, अशी त्यांच्या आईची जिद्द होती. नवव्या वर्षी आर्टुर श्नाबेल यांच्यासारखा गुरू त्यांना लाभला. श्नाबेल यांचे गुरू लेशेटिझ्की, त्यांचे गुरू चेर्नी आणि चेर्नींचे गुरू साक्षात बेथोव्हेन! सोळाव्या वर्षी, १९४४ साली, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर फ्लायशर वाजवू लागले. १९५२ साली ब्रुसेल्सच्या राणी एलिझाबेथ स्पर्धेत त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. पुढे जॉर्ज सेल यांच्या क्लीव्हलँड वाद्यवृंदासह त्यांनी केलेली बेथोव्हेन आणि ब्राम्स यांच्या रचनांची ध्वनिमुद्रणे आजही रसिक आदराने ऐकतात.

आणि १९६४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, उजव्या हाताची अनामिका व करंगळी आपोआप तळव्याकडे वळू लागली. दुखणे न जुमानता त्यांनी सराव वाढविला. बोटे अधिकच आखडली. फोकल डिस्टोनिया हे या व्याधीचे नाव पुष्कळ उशिरा कळले. हिच्यात दोष स्नायूंचा नसतो. मेंदूकडून बोटांना जाणारी आज्ञाच चुकते. अतिरिक्त सरावाने आपण हे ओढवून घेतले, असे फ्लायशर स्वतः मानीत. ज्या कष्टांनी माणूस मोठा झाला, त्याच कष्टांनी त्याला जायबंदी करावे, यासारखा दैवदुर्विलास कोणता?

ते निराशेच्या गर्तेत कोसळले. आत्महत्येचे विचारही त्यांच्या मनात डोकावले. मात्र त्या अंधारातून हळूहळू त्यांना एक जाणीव झाली: आपले नाते दोन हातांच्या पियानोवादनाशी नव्हे, तर संगीताशी आहे. बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत ते १९५९ पासून शिकवीत होतेच. आता त्यांनी अध्यापनात जीव ओतला. पूर्वी ते वाजवून दाखवीत. आता मनातला सूर शब्दांतून समजावणे भाग पडले. ते वाद्यवृंदाचे संचालन करू लागले. शिवाय डाव्या हाताचे संगीत होतेच. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विटगेनश्टाइन या ऑस्ट्रियन वादकासाठी राव्हेल यांनी केवळ डाव्या हाताची एक भव्य रचना केली होती. एकाच्या आपत्तीतून जन्मलेली ती कलाकृती दुसऱ्या आपद्ग्रस्ताच्या कामी आली.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. 'जे झाले ते भल्यासाठीच', असे दुःखिताला सांगण्याची आपणांस मोठी हौस असते. असे सांत्वन स्वस्त असते. हात गेला हे वाईटच झाले. फ्लायशर यांनीही ती हानी सहजासहजी मान्य केली नाही. उजवा हात परत येतो का, हे ते वर्षानुवर्षे आजमावीत राहिले. १९८२ साली दोन्ही हातांनी वाजवण्याचा त्यांनी जाहीर प्रयत्न केला. श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पण हात बरा झालेला नाही, हे त्यांना उमगले होते. ते पुन्हा डाव्या हाताकडे वळले. टाळ्यांपेक्षा सत्य मोठे मानणारी ही वृत्ती आम्हांस त्यांच्या कीर्तीहून श्रेष्ठ वाटते. पुढे १९९० च्या दशकात बोटॉक्सची इंजेक्शने व मर्दनोपचार यांनी बोटे काहीशी सैलावली आणि २००४ साली 'दोन हात' अशा अर्थाच्या नावाची त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. व्याधी मात्र अखेरपर्यंत सोबतीला होती. २०२० साली, बाण्णवाव्या वर्षी, ते निवर्तले.

कौशल्य हे साधन आहे; ज्याच्या सेवेसाठी ते लाभले, ते त्याहून मोठे आहे. बेथोव्हेनपासून श्नाबेलपर्यंत चालत आलेला ठेवा फ्लायशर यांच्या बोटांत अडकून पडला असता, तर १९६४ साली तो संपला असता. तो शिष्यांच्या हाती गेला, म्हणून टिकला. ज्याला आपण पाचारण म्हणतो, तेही असेच असते: त्याची वाट बंद झाली, तरी हाक बंद होत नाही.

आपल्या घरांत मुलांच्या गुणांचे कौतुक जरूर व्हावे. मात्र गुण नसतानाही आपण हवेसे आहोत, ही खात्री त्यांना त्याआधी मिळावी. आणि अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांना 'आता आराम करा' एवढेच सांगून आपण मोकळे होऊ नये. त्यांच्यापाशी अजून काय देण्यासारखे आहे, हे विचारावे. आणि ते घ्यावयास त्यांच्याजवळ बसावे.